पुढची पानं

मुजावरांच्या लायब्ररीचं शटर अर्धंच वर होतं,
वाकून आत गेलो.
दहा रुपयाला एक, म्हणाले, किलोवर घालण्यापेक्षा
ओळखीच्या हातात गेलेलं बरं.

अक्कानं सांगून पाठवलं होतं:
जुनं आण काहीतरी. रडवणारं नको,
डॉक्टरनी डोळ्यातनं पाणी काढायचं न्हाई म्हटलंय.
नुसतं आठवेल असं आण.

आता आठवेल असं म्हणजे कसं,
हे कुठल्या कपाटावर लिहिलेलं असतं?
सामाजिक, रहस्य, ऐतिहासिक.
खालचे दोन कप्पे नदीनं वाचून परत केलेले,
पानं एकमेकींना चिकटलेली,
कण्यावर गाळाची रेघ.

एक उघडली. सुरुवातीलाच चांदणं आणि माहेर. ठेवली.
दुसरीत लेखक स्वतःच इतका हळवा झालेला
की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही.
तिसरीतली माणसं बोलत होती छान,
पण दोनशे पानांत कुणीच
ताक मागायला शेजारी गेलं नव्हतं.
चौथीत एक ओळ, पितळी डबा उघडल्याबरोबर,
आणि मला एकदम गुळाचा वास आला,
बाबांच्या अडतीवरचा, उन्हात मऊ पडलेल्या ढेपांचा.
कादंबरी म्हणत होती, डब्यात चिठ्ठी आहे.
चिठ्ठीशी मला देणंघेणं नव्हतं.
ती घेतली.

मग तो हिरवा पुठ्ठा.
क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
बावन्नाव्या पानावर माझ्या शाईचा डाग,
घोड्यासारखा, एक पाय कमी.
तारखांच्या चिठ्ठीवर जून, जून, पुन्हा जुलै.
अक्का दहावीला, मी चौथीत.
दिवे गेले की ती कंदिलाशी बसून मोठ्यानं वाचायची
आणि मी ऐकता ऐकता भिंतीचे पोपडे काढायचो.

शेवटी हेमलता सकाळच्या गाडीत बसते.
पत्र्याची पेटी, मिरजेच्या शाळेत नोकरी.
आमच्या स्टेशनात रूळ संपतात, अक्का वाचायची,
म्हणजे इथनंच सुरू होतात.
आणि पुस्तक मिटायची.
पुढं?
पुढची पानं फाटलीत रे.

उभ्याउभ्याच शेवट उघडला.
सगळी होती पानं. दोनशे सोळापर्यंत, शिवणीसकट.
हेमलता कुठंच जात नव्हती.
गाडी नव्हती, मिरज नव्हतं, पेटीसुद्धा नव्हती.
दोनशे नऊवर ती हो म्हणते,
अकरावर साखरपुडा,
शेवटच्या ओळीत तुळशीपाशी दिवा लावते.

त्याच वर्षी मार्गशीर्षात
अक्काला निपाणीला दिली.

काय वं चौगुले, मुजावर म्हणाले,
हितंच वाचून संपवताय काय?
त्यांच्या टेबलावर, पेन्सिलीच्या भुश्यात, ब्लेड पडलं होतं.
मी ब्लेडकडं बघितलं.
मग वीस रुपये दिले.

राजारामपुरीत, माझ्या घरी, अक्कानं
काळा चष्मा कपाळावर सरकवला.
आधी वास घेतला. मग बावन्नावर आली.
ह्याला अजून तीनच पाय व्हय, म्हणाली,
बाकी काही नाही.

तीन दिवस वाचत होती,
थोडं सकाळी, थोडं चारच्या उजेडात,
दुखरा डोळा तळहातानं झाकून.
चौथ्या दिवशी एकशे अठ्ठ्याण्णववर थांबली
आणि बोट काढून पुस्तक मिटलं.

पुढं? मी विचारलं. चौथीतल्यासारखं.

तिनं माझ्याकडं बघितलं,
एकाच डोळ्यानं, पण पुरतं बघितलं.
फाटलीत रे, म्हणाली,
पुस्तक उशाखाली सारलं.
आता ते डब्याचं दे.